दोन नंबरचा सदरा

रविवारी सकाळी हॉकीच्या सरावात किसनची स्टिक माझ्या भावाच्या गुडघ्याखाली बसली. जखम झाली. नवव्या दिवशी धनुर्वाताने तो गेला. त्याचं नाव अनंत, घरात अंता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, मी तिशीचा.

आम्ही भिंगारचे. वडील लष्कराच्या कॅम्पात, मेसच्या स्वयंपाकघरात होते. सोजिरांच्या मोडक्या हॉकी स्टिका ते घरी आणायचे, सुतळी गुंडाळून सरस लावायचे, आणि त्या स्टिकांवर अंता खेळायला शिकला. मी शिकलो नाही. मी वाचत बसायचो. पुढे नगरला वाचनालयात लागलो. कोणी चिठ्ठी पुढे केली की कपाटातून पुस्तक काढून द्यायचं, हे माझं काम, अजूनही तेच करतो. काय सांगू तुम्हाला, हाताला सवय लागते. समोरच्याने मागितलं की हात आपोआप पुढे होतो.

आमच्या क्लबात सदरे अकराच. निळ्या मांजरपाटाचे. पाठीवरचे आकडे आईने जुन्या पांढऱ्या धोतराचे कापून शिवलेले. आणि रीत अशी की ज्याला जागा सोडायची त्याने मैदानावर, सगळ्यांसमोर, अंगातला सदरा काढून स्वतःच्या हाताने पुढच्याच्या गळ्यात घालायचा. असा घातलेला सदरा त्याचा. अंताच्या गळ्यात दोन नंबर असाच आला होता, उजव्या फुलबॅकचा. त्या दिवशी तो घरी तसाच उपाशी आला आणि सदरा न काढता जेवायला बसला. आई म्हणाली, आरं काढ की आता, आमटी सांडल. त्याने काढला नाही.

किसन तेव्हा राखीव खेळाडू. त्याला जागा हवी होती तीच, अंताची. त्या रविवारी मी मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसलो होतो आणि नेमकं तेव्हा वर पाहिलं. बॉल अंताच्या पुढे निघून गेला होता, चांगला दोन हात, आणि किसनची स्टिक त्यानंतर आली. सगळे म्हणाले, खेळात लागतं. मी म्हणालो, बॉल गेला होता. मी कधी खेळलो नाही, म्हणून माझं कोणी ऐकलं नाही.

अंता दवाखान्यात असतानाच किसन दोन नंबर घालून लष्कराच्या संघाशी खेळला. सदरा त्याने आमच्या दोरीवरून नेला, असं मी पुढे तीन वर्षं ज्याला त्याला सांगत आलो.

आणि तो काय खेळला म्हणता! खोटं बोलणार नाही. दुष्काळाच्या साली मैदान नुसती माती झालं होतं, बॉल दिसायचा नाही, धुराळा दिसायचा, आणि त्या धुराळ्यातून किसन बॉल काढायचा. लोक म्हणायचे, याच्या मागं गोलकीपर कशाला पाहिजे? मी प्रत्येक सामन्याला जायचो. तो पडावा म्हणून जायचो. त्याच्या पायाला किडे पडोत असं मनात म्हणत मी कडेला शहाण्या माणसासारखा बसून राहायचो, आणि तो पडायचा नाही.

मग त्याला नोकरी लागली, परगावी. शेवटच्या सामन्यानंतर क्लबाचे शमुवेल मास्तर, शाळेत ड्रिल शिकवायचे, ते स्टुलावर चढले आणि म्हणाले की असा फुलबॅक पुन्हा होणार नाही, आजपासून दोन नंबर कोणी घालायचा नाही, सदरा काचेत लावायचा. टाळ्या झाल्या. कोणाला काही बोलायचंय का, असं त्यांनी रिवाज म्हणून विचारलं.

मी उठलो. तीन वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं. म्हणालो, तो खेळला चांगला, पण रीत विचारा. हा सदरा त्याच्या गळ्यात कोणी घातला? अंताने घातला का? चोरीचा आकडा काचेत लावता?

किसन पुढे आला, घामाने निथळत होता. म्हणाला, सदाभाऊ, बॉल गेल्ता. मला दिसलं हुतं. हात थांबला न्हाई, का थांबवला न्हाई, देवाला ठावं. ते माझं हाय. पन सदरा म्या चोरला न्हाई. तुमच्या दारात येऊन मागितला. तुमी दोरीवरून काढला, घडी घातली, आन् माझ्या हातात दिला.

काय सांगू तुम्हाला. घडी घातली होती. आकडा वर येईल अशी. भाऊ खाटेवर, आणि कोणी चिठ्ठी पुढे केल्यासारखा मी सदरा देऊन टाकला होता. आई गर्दीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पण वाचनालयात दिलेलं पुस्तक परतही येतं. मी म्हणालो, मी दिला ना? मग मला परत दे. काढ.

मास्तर म्हणाले, सदा, आता तू खेळणार का फुलबॅक? लोक हसले. किसन हसला नाही. त्याने सदरा काढला आणि रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात घालायला हात वर केले. मी त्याचं मनगट धरलं. म्हणालो, गळ्यात नको. हातात दे, जसा नेलास तसा. तेव्हा सगळ्यांसमोर, उघड्या अंगाने, त्या एवढ्या मोठ्या फुलबॅकने मातीत बसून मांडीवर सदऱ्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

घरी आल्यावर आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, लई शिकलास, सदा. आन दे, धुते.

मी दिला नाही.

आता दोन नंबर कोणी घालत नाही. क्लबवाले म्हणतात, तो किसनच्या मानासाठी बंद केलाय. काचेची पेटी त्यांनी भिंतीवर तशीच ठेवली आहे, रिकामी. सदरा माझ्या ट्रंकेत आहे, त्याने घातलेल्या घडीत.