पाठीचा सवाल

...आता तुमीच सांगा राजेहो, मानसाचा हात सोताच्या पाठीवर पुरते का? नाई पुरत! देवानं सगळं बराबर केलं, अन् पाठ तेवढी मांगं ठेवून देली!

तुमाले सांगतो, मी उत्तमराव, मालेगावच्या बाजारात भाजीपाला इकतो. अन् माह्या लहान्या भावाशी, परल्हादशी, माहं बोलनं बंद. काहून? त्याच्या बकरीनं माह्या सांभाराचा अख्खा वाफा चरला! सांभार म्हंजे कोथिंबीर हो, तुमाले लगेच इडली आठवते! तर मधात कमरेइतकी भिंत, इकडं मी, तिकडं थो. अन् त्यात आली खरूज! बोटाच्या बेचक्यात, कमरेले, पाठीले... अरारारा! गिऱ्हाइकाले वांगे मोजून देऊ का खांबाले पाठ घासू?

दवाखान्यात निता डॉक्टरीन बाई म्हने, "काका, हे नवीन नॅनोजेल. लवंगेचं, निलगिरीचं तेल अगदी बारीक कणांत केलंय, कातडीत खोल शिरतं." मी म्हटलं, "नॅनो? मंग पंपात टाकून घरादारावर फवारू का? नॅनो युरिया आमी तसाच मारतो!" बाईनं कपाळावर हात मारला. "चोळायचं, काका! मानेपासून पायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकाच संध्याकाळी. आणि तुमच्या भावाच्या घरीही. त्यांची मुलं कालच खाजवत येऊन गेली." म्या म्हटलं, "आमचं येनंजानं नाई!" "मग खरजेचा किडा भिंतीपलीकडे गेला कसा?"

घ्या! गेला कसा? माही बायको सीताबाई बाजूले उभी, पदराशी खेळून राह्यली. मंग उमगलं... भांडलो आमी दोघंच! दोघी जावा रोज मांगच्या दारी एका सतरंजीवर मेथी निवडत होत्या, लेकरं एका गोधडीत लोळत होते! किड्याले मालूम, मलेच नाई मालूम!

संध्याकाळी दोन्ही घरं लवंगेनं घमघमले. हात झाले, पाय झाले... पाठ? हात पुरते का? नाई पुरत! "सीते, लाव वो." "मले सैपाक हाये, भावाले सांगा!" अन् भिंतीपलीकडून भावसुनेचाबी आवाज, "मले सैपाक हाये, भावाले सांगा!" ठरवून राजेहो, ठरवून!

मंग काय, मी बनेन काढून भिंतीपाशी, थोबी उघडा भिंतीपाशी. खाली मान घालून म्हने, "दादा... लावू?" त्याचा हात पाठीवर पडला अन् काय सांगू, थंडगार! डोळ्यात पानी आलं. लवंगेनं नाई, खरं सांगतो, भावानं. मंग मीबी त्याची पाठ अशी चोळली, अशी चोळली, का थो हासाले लागला!

खाज पयाली, घरात सन झाला! पन डॉक्टरीन बाई म्हने, आठ दिवसानं अजून एकडाव लावा. थो दिवस आज. अन् सकाळी पाहतो त काय... परल्हादची बकरी माह्या सांभारात! आरामात चरून राह्यली! शिव्या ओठावर आल्या... गिळल्या. काय करता? संध्याकाळी पाठ हाये ना! हात पुरते का?

खाय माय... खाय!