गुणवंतासारखा पेला

वडनेरच्या थांब्यावर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वयनी, गुणवंताले पोलिसाईनं धरलं, हे दादाले सांगतलं का?"

"नाई वो नलू. बाटली त्याइच्यासाठीच आनत होता नागपूरहून. आयकलं तर तुया भाऊ जीव सोडन."

"जिल्ह्यात दारूबंदी, अन् हा पोरगा थैलीत जिन घेऊन येते!"

"तिथं हाटेलात दारूचे पेले बनवायचंच काम करते ना तो. दर आयतवारी बापाले पेला बनवून दे. जिन, मध, संत्र्याचा रस, चुरगळलेली तुळस..."

"दारूत तुळस! देवाले तरी भ्यावं."

"वरून काठावर संत्र्याची फोड लावे. पेला नवरदेवावानी सजवला म्हून हे हसत. घशातल्या गाठीपायी दुसरं काईच उतरत नाई त्याइले."

"मंग काल काय देल्लं?"

"म्याच बनवला. मध, संत्रं, तुळस, सारं तसंच. जिनच्या जागी पानी. फोडबी लावली. गुणवंता बनवून देऊन लगेच गाडीले गेला, असं सांगतलं."

"अन् दादा पेले?"

"सारा पेले. चांगला झाला म्हने."

"पाय, समजलंच नाई त्याइले."

"मंग पेला खाली ठेवला, अन् मले इचारलं, त्याची जमानत कवा होते?"

"अवो माय! तू काय म्हनलं मंग?"

"काय म्हनू? आनखी मध टाकू का, म्हून इचारलं."