पुट मारताना बघायचं कुठं?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या गोल्फ क्लबाचे संस्थापक माननीय दीपचंदशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्रशिक्षक ललित सर, आणि जमलेल्या जळगावकर बंधू-भगिनींनो,

मी चुडामण, धुळ्याच्या संघाचा कप्तान. गेल्या महिन्यात ज्यानं तुम्हाला हरवलं त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलंत, हा तुमचा मोठेपणा. मी दोन गोड शब्द बोलून खाली बसेन, अशी अपेक्षा असणार. बघू या.

मघाशी सरांना शाल पांघरली गेली. शेठजी फोटोवाल्याकडे बघत होते, त्यामुळे शाल सरांच्या खांद्यावर न पडता खुर्चीच्या पाठीवर पडली. तरी टाळ्या झाल्याच! आपल्याकडे पुष्पगुच्छ देणारा घेणाऱ्याकडे बघतो का कधी? दोघंही कॅमेऱ्याला दात दाखवतात. सभागृहात हे खपून जातं. गोल्फच्या हिरवळीवर खपत नाही हो.

नशिराबादच्या बाजूला, केळीच्या बागांना लागून तुमचं मैदान आहे. तिथं इतकी वर्षं सरांनी घसा कोरडा होईपर्यंत एकच गोष्ट सांगितली. पुट मारताना, म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलताना, डोळे बॉलच्या मागच्या बाजूवर ठेवा. बॉल निघून गेला तरी नजर त्याच गवतावर राहू द्या. पडला की नाही, ते कानांना कळेल. इतकं सोपं. पण आपण कसे दिसतो याचीच ज्यांना जन्मभर चिंता, त्यांना हे कसं जमावं?

गेल्या महिन्यातला आपला सामना, शेवटचं भोक. शेठजींचा बॉल हातभर अंतरावर. तो पडला की जळगाव जिंकलं. मी समोरच उभा होतो आणि मनातून हार मानून मोकळा झालो होतो. शेठजी वाकले, आणि भोकामागून तुमचा फोटोवाला ओरडला, "शेठ, आठे देखा, आठे!" ऐन काठी लागताना शेठजींनी कॅमेऱ्याकडे मान वर केली. हसलेसुद्धा! बॉल भोकाच्या कडेनं पुढे निघून गेला. फोटो मात्र झकास आला म्हणे.

मग तुम्ही सभा घेतलीत. ठरलं काय? तर सरांचं शिकवणंच चुकीचं, त्यांना काढा! शेठजी म्हणाले आणि तुम्ही माना डोलावल्यात, "बराबर शे, भाऊ." बठ्ठे, अगदी सगळे! वर हे गावोगावच्या क्लबांना कळवलंत. नाशिककडच्या ज्या क्लबात सरांची नोकरी ठरत आली होती, तिथले लोक आता त्यांचा फोन उचलत नाहीत. त्यांच्या पत्नी भूमिकाताई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही सरांना 'भावपूर्ण निरोप' देताय. जनाची नाही, निदान मनाची तरी?

मला तुमचा राग येत नाही. किळस येते.

चला, सोपं काम देतो. शेठजींनी मान वर केलेली ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्यांनी हात वर करा.

कोणीच नाही? अहो, मी इकडे आहे. सगळे शेठजींच्या तोंडाकडे काय बघताय? हात वर करायलाही त्यांची परवानगी लागते?

मागे तो हात कोणाचा? सुगनकाकू? शेठजींच्या पत्नी? काकू, बसू नका. बोला. जरा मोठ्यानं.

"मी तिथंच होते. यांनी मान वर केली. मास्तरांची काही चूक नाही."

ऐकलंत? ललित सर, नाशिककडच्या त्या क्लबाचा नंबर मला द्या. पुढचं मी सांगतो.

आयोजकांनी बोलावलं, चहा-नाश्ता दिला, आभारी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात काही चुकलं असेल, तर पोटात घाला. बाकी जे बोललो त्याची माफी मागायला मी धुळ्याहून आलेलो नाही. काकू, हात तसाच राहू द्या. मी बसतो.