अमेरिका किती लांब

— बंगळूर जवळ नाही म्हंते. बापाले अंतर शिकवून राहिला. ठेव फोन, ठेव... ठेवलाच त्यानं. बसा भैया, तुमच्यावर नाही ओरडलो. पोरगा होता माझा, पियूष. कंप्युटर चालू ठेवा, तिकिटाचंच काम आहे.

पहिले शिकागोहून जबलपूर पाहा. किती? हां, वीस-बावीस तास, मधात थांबलं तं जास्त — तेच तं सांगितलं होतं त्यानं मले, शकु गेली त्या दिवशी. घरवाली माझी. सकाळीच गेली. मी म्हनलं, बेटा, मायले आग तुले द्यायची आहे, ये. तं म्हने, बाबा, दोन विमानं बदला, बारा-तेरा हजार किलोमीटर, कवा पोचू, तुम्ही उरकून घ्या. उरकून घ्या — मायले. तरी मी बर्फ आनला. आमच्या महाराजपुरातले लोक म्हनत, पुंडलिक, आता काहून थांबून राहिला — मले वाटे, फोन करन, म्हनन निघालो. नाही केला. दिवस बुडायले आला, तवा मीच दिली आग. अन् वरून लोकायले मीच समजावत होतो, इतकं लांब आहे, पोराचा काय दोष.

काल दसवं होतं. घाटावर पिंड ठेवले, त्याले मोबाईलवर दाखवलं, दिवसा अकराले. शाळा नाही शिकलो मी फार, पन आपल्या अकराले तिकडं रात असते, इतकं समजते. पहिले दिवसा व्हिडिओ लावला की त्याच्यामागची खिडकी काळी असे, मंग कित्येक महिने नुसता आवाजच ऐकवे. काल ऊन होतं. त्याच्या गालावर होतं, पिवळं, आपल्यासारखंच. मी गप राहिलो — कावळा शिवायचा होता पिंडाले. मंग सुनेले लावला फोन, शर्मिलाले. रडली पोरगी. म्हने, बाबा, तिकडची नोकरी गेली, दिवाळीपासून बंगळूरलेच आहो, हे म्हनले सांगू नको, गावात बाबांची मान खाली जाईन. माझी मान — अच्छा, आता माझ्यावर ढकला. सांगत होतो मी, चौकात, दुकानात, पोरगा अमेरिकेत आहे म्हनून. कोनता बाप नाही सांगत?

आता बंगळूरहून पाहा. बोला ना. दोन-सव्वादोन तास.

चहा प्यायले बसलो तरी इतका वेळ जाते.

डुमन्याच्या विमानतळावर येनारं विमान आमच्या घरावरून उतरते, भैया. आवाज आला की शकु तव्यावर भाकर टाकून आंगनात, कपाळावर हात धरून — यात असन का हो आपला पियूष? मी हसायचो. पागल आहे का, अमेरिकेचं विमान का इथं उतरते. भाकर जळायची रोज.

अस्थी नाही सोडल्या मी अजून. भटजी रागावला, पन मडकं कडुनिंबाले तसंच टांगून आहे, लाल फडकं बांधून — तो येईन, नर्मदेत सोडन. तो म्हंते पुढच्या महिन्यात पाहू. पाहू म्हंते.

ठीक आहे. तो नाही येत तं मायच जाईन. मडकं जवळ घेऊन बसू देतात ना विमानात? विचारा विमानवाल्यायले. हां, आत्ताच विचारा, मी बसलो आहो.

देतात? मंग माझं तिकीट काढा, बंगळूरचं, उद्याचं. खिडकीजवळची सीट पाहिजे. माझ्याकडं काय पाहून राहिले — काढा.