फ्लोरिनपेक्षा क्लोरीन जास्त

अहो, झाला की माझा तास घेऊन — प्राचार्यांनी तुम्हाला उगाच पाठवलं, बाई. घरी जाऊ? घरी काय आहे? दीर, नणंदा, त्यांची मुलं, शेजारणी, पाय ठेवायला जागा नाही, आणि जो तो माझ्या तोंडाकडे बघतोय, ही रडते कधी म्हणून. नाही येत रडू. परवा हे गेले, आज मी साडी बदलली नि कॉलेजात आले — अकरावीला इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी होती ना.

सोपा विषय हो. अणूला बाहेरचा इलेक्ट्रॉन किती हवासा वाटतो, घेतला तर किती ऊर्जा सुटते, एवढंच. केंद्रकाचा भार जास्त तर ओढ जास्त, अणू मोठा तर ओढ कमी, मधले इलेक्ट्रॉन आडवे येतात ते वेगळंच. ह्यांनासुद्धा पाठ होतं — रंगाचं दुकान चालवणारा माणूस, पण हे दाढी करायचे तेव्हा मी शेजारी उभी राहून तास म्हणून दाखवायची. "मग एवढुशा फ्लोरिनचं काय बिनसलं?" — दरवर्षी हाच प्रश्न, गालाला फेस. मी म्हणायची, अहो, तो इतका लहान, की आधीचेच दाटीवाटीनं बसलेत, नव्याला ढकलतात. क्लोरीन जरा ऐसपैस, म्हणून तो पुढे.

आणि आज फळ्यावर मी उलटं लिहिलं. फ्लोरिन जास्त. शिवाय त्याखाली रेघही ओढली. एरवी माझी चूक सापडली की कार्टी वर्ग डोक्यावर घेतात — आज एक हसलं नाही. मागच्या बाकावरची ती, सतत टकळी चालू असते ती, ती उठली, माझ्या हातातला खडू घेतला, मधलं कमी-जास्तचं चिन्ह पुसून फिरवलं आणि म्हणाली, "मॅडम, बरोबर ना?" — इतकं हळू, आजाऱ्याला विचारावं तसं. तेव्हा कळलं, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, बरोबर, बस. आणि शिकवत राहिले. आवाजही कापला नाही — माझाच आवाज, पण शेजारच्या वर्गातून आल्यासारखा.

हे तुम्हाला कशाला सांगतेय? नायट्रोजन राहिलाय. त्याचं उपकवच अर्धं भरलेलं, त्याला नवीन कोणी नकोच असतं — तेवढं उद्या तुम्ही घ्या. नको, पाणी नको. खांद्यावरचा हात काढा, बाई. काढा म्हटलं ना — नका हो, नका... जा तुम्ही. दार लोटून घ्या.