मेनूचा पाव सेकंद

—नाही, नाही, बसा ना काकू, उभ्याउभ्या ऐकलंत तर जेवढं कळणार आहे त्याच्याही निम्मंच कळेल. ती खुर्ची नको, तिचं चाक निघालंय, त्याची तक्रार चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच खिडकीत दिली होती, आवक नंबरसकट — हां, ही घ्या. तर तुमचं म्हणणं काय, की तुम्ही रजा मागितली आणि ऑफिसनं तुम्हाला निवृत्त केलं. बरोबर? लेकीचं बाळंतपण, तीन दिवसांची रजा टाकायला बसलात, आणि मशीन म्हणालं, तीनच दिवस कशाला काकू, कायमच्याच जा की घरी! किती प्रेमळ मशीन हो. आणि हे केलं कुणी? तर माझ्या मेनूनं. तुमच्या बोटानं नाही, तुमच्या माऊसनं नाही, मेनूनं! सोमवारच्या सुनावणीत हेच सांगणार ना? सांगा की, कोण अडवतंय? माझा अहवाल असेलच तिथे, चार ओळींचा, वाचलाय ना तुम्ही — 'प्रणाली निर्दोष आढळली, चूक वापरकर्त्याची' — एकतीस वर्षांची नोकरी चार ओळींत उडवली असं तुम्ही बाहेर म्हणालात म्हणे. अहो, पाचवी ओळ लिहायला मुद्दा तर पाहिजे काहीतरी!

आता इकडे बघा. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. ही वरची पट्टी — माहिती, सेवा, रजा, मदत. चार शब्द. मी माऊस नेला 'सेवा'वर, थांबलो, उघडला मेनू. काढला, मिटला. दिसलं? आता पट्टीवरून नुसता सुर्रकन जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत — उघडलं काही? नाही उघडलं. का नाही? कारण तो थांबतो. पाव सेकंद. आपल्या दारावरून कुणी चालत गेलं म्हणून आपण दार उघडतो का? नाही उघडत. दारात येऊन उभा राहिला की उघडतो. तेवढी अक्कल मी याला दिलीय. जेक्वेरी म्हणून एक प्रकार असतो, त्यात लिहायचं — तुम्हाला सांगून काय उपयोग, पण सांगतो, नंतर नीट समजावलं नाही म्हणून माझ्यावर खापर नको. माऊस आला की मी घड्याळ लावतो, पाव सेकंदाचं. तेवढ्यात माऊस निघून गेला तर घड्याळ बंद, विषय संपला. लावायला एक ओळ, बंद करायला एक ओळ. आणि मिटतानाही तसंच — हात जरा घसरला म्हणून मेनू लगेच तोंडावर आपटत नाही, अर्धा सेकंद वाट बघतो, तुमच्यासारख्यांसाठीच हो, ज्यांचा माऊस टेबलभर हवा खायला जातो! एवढा वेळ मी घरी कुणासाठी थांबत नाही. बायको म्हणतेच, मेनूला थांबायला शिकवलंस, स्वतःच्या तोंडाला कधी शिकवणार? बोलण्याआधी तीनपर्यंत मोज म्हणते. असो.

काय? त्या दिवशी थांबत नव्हता? थांबत होता! उलट जरा जास्तच थांबत — म्हणजे, थांबण्याचे प्रकार असतात काकू. अडाणी लोक काय करतात, ही दोन ओळींची कटकट नको म्हणून एकच शब्द टाकतात, डिले. झालं काम. पण त्या डिलेला मागे फिरता येत नाही. तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो — तुमच्या खिडकीसमोर रांग आहे, एका माणसानं टोकन घेतलं आणि कंटाळून घरी गेला. तुम्ही काय करता? त्याचं टोकन रद्द, पुढचा या. डिले तसं करत नाही. तो माणूस घरी जाऊन जेवून झोपला तरी डिले त्याचा नंबर पुकारणार म्हणजे पुकारणार. तुम्ही 'रजा'कडे जाताना माऊस 'सेवा'वरून दोनदा-तीनदा इकडेतिकडे गेला, डिलेनं तेवढी टोकनं फाडली. तुम्ही 'रजा'वर पोचलात, रजेचा मेनू उघडला, तुम्ही 'नवीन अर्ज'वर बोट टेकवणार, आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या टोकनाचा नंबर लागतो, 'सेवा'चा मेनू वरून येऊन बसतो, आणि 'नवीन अर्ज'च्या जागी बरोब्बर काय येतं — स्वेच्छानिवृत्ती! दाबलं की गेलं. फार गमतीशीर प्रकार, एकदा बघण्यासारखा.

मला कसं माहीत म्हणजे? मी शिकलेला माणूस आहे, मला माहीत असतं. ... कुठे बघितला म्हणजे? इथेच बघितला. म्हणजे सुरुवातीला मीही — अहो, सगळेच वापरतात सुरुवातीला! मोठे साहेब दुपारी माझ्या डोक्यावर येऊन उभे, म्हणाले पट्टीवरून माऊस नेला की मेनू फडफड उघडतात, माझे डोळे दुखतात, आजच्या आज थांबव. आजच्या आज! आणि त्या दिवशी माझ्या पोरीची पोहण्याची स्पर्धा, चारला निघायचं होतं मला. टाकला तो एक शब्द. दहा मिनिटांत काम. तिसरी आली ती, पाण्यातून डोकं वर काढून पहिल्यांदा मला शोधत होती — मी पोचलो म्हणून, नाहीतर? तर राहिला तो शब्द तसाच. काही दिवस. आठवडाभर. दहा दिवस, फार तर.

आणि समजा मेनूनं तुम्हाला चुकीच्या दारात नेलं, धरून चालू, वादासाठी, तर पुढे तुम्हाला डोळे नव्हते? 'अर्ज पाठवायचा?' असं त्यानं विचारलं ना? तुम्ही 'होय' दाबलंत. कसला अर्ज ते लिहिलं नव्हतं? नव्हतं लिहिलं, चौकट लहान होती, मावत नव्हतं. फॉर्म रजेसारखाच दिसत होता? दिसणारच, एकच फॉर्म आहे, वरचं शीर्षक तेवढं बदलतं — तेही बारीक अक्षरात, साहेबांना मोठी अक्षरं खेड्यातल्या पाट्यांसारखी वाटतात. आणि मंजुरीचं म्हणाल तर साहेब 'सर्व मंजूर' एकदाच दाबतात, अठ्ठावीस अर्ज एका टिचकीत. ते बटणही माझंच. उत्तम चालतं. आणि नंतर कळल्यावर साहेबांनी मागे का नाही घेतलं? कशाला घेतील? खर्च कमी करा म्हणून वरून रोज पत्रं येत होती आणि इकडे एक बाई आपणहून निघाली. पुढच्या मंगळवारी तुमचं पदच रद्द! या इमारतीत एवढ्या वेगानं काही हललेलं मी तरी बघितलं नव्हतं. तुमच्या खिडकीत आता झाडाची कुंडी ठेवलीय. वाळलीय ती.

काय? मग दहा दिवसांनी तो शब्द काढला का? साहेबांमुळे, आणखी कुणामुळे. साहेब 'मदत' दाबायला गेले आणि त्यांच्या नावानं बदलीचा विनंती अर्ज गेला, दूरच्या शाखेत. काय थयथयाट! मेनू बिघडलाय, ताबडतोब दुरुस्त कर! साहेबांचं असंच असतं, त्यांच्या बाबतीत मेनूच चुकतो. त्यांचा अर्ज मीच मागे घेतला, दोन मिनिटांत, कुणाला कळलंही नाही. मग बसून नीट लिहिलं, घड्याळवालं, हे आत्ता दाखवलं ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझं काम उघड्या पुस्तकासारखं आहे काकू, हे बघा, फाईलच उघडतो. प्रत्येक बदलाच्या डोक्यावर मी टीप लिहितो, काय केलं, का केलं, तारीख. या मजल्यावर ही शिस्त दुसऱ्या कुणाला असेल तर दाखवा! हे बघा, ही ओळ — 'डिले काढला, मेनू उशिरा उघडून क्लिक भलतीकडे जात होता, तारीख एकोणीस.' एकोणीस. बघा, कसं स्वच्छ —

चष्मा कशाला लावताय? ... तुमचा अर्ज अकराचा होता का? असेल. मला काय पाठ आहेत लोकांचे अर्ज? ... अहवाल मी चोवीसला दिला, हो, चोवीसला मेनू निर्दोष होता! मी खोटं काहीच लिहिलं नाही, चोवीस तारखेला तपासलं, चोवीसला निर्दोष आढळला. अकराला कसा होता हे मला कुणी विचारलंच नाही. जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं असतं काकू, तुम्ही एवढी वर्षं कागद इकडचे तिकडे केलेत, तुम्हाला ठाऊक असायला हवं. आणि माझंही कंत्राट मार्चमध्ये संपतंय. साहेबांच्या सहीवर. तुमचं एक झालं, माझं व्हायला लागलं तर तुम्ही येणार आहात माझी बाजू मांडायला?

असं बघू नका. कळतंय मला तुम्ही काय आठवताय. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस. कंत्राटाच्या अर्जाची शेवटची तारीख, मी जिन्यावरून धावत आलो, पाच बत्तीस झाले होते, तुमची खिडकी साडेपाचची. शटर अर्ध्यावर आलं होतं. तुम्ही एका हातानं ते तसंच वर धरून ठेवलंत आणि दुसऱ्या हातानं शिक्का मारलात. नुसतं म्हणालात, सावकाश उतर, पडशील. ... मी मागितलं नव्हतं हां ते. म्हणजे मागितलं असतं, दम लागला होता म्हणून बोलता आलं नाही. तो तुमचा स्वभाव. त्याची परतफेड करायची असं कुठे लिहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर तुमची आठवण मला रोज येते, त्या वाळक्या कुंडीपाशी आलं की, आणि मग मी दुसऱ्या जिन्यानं जातो. झालं समाधान?

कसली वही ती? अकरा, एकोणीस, चोवीस — तारखा लिहून घेताय होय? खिडकी गेली तरी खोड जात नाही. लिहा, लिहा. सोमवारी वाचून दाखवा. वहीत काय, कुणीही काहीही लिहितं. पुरावा लागतो काकू, पुरावा, आणि तो हा इथे होता. होता म्हटलं मी. हे बघा, ही ओळ धरली, हे बटण दाबलं. गेली. सेव्ह. आता सांगा, कुठे आहे एकोणीस तारीख? दाखवा मला. नाही ना?

... रडताय का? नाही? मग बरं. नाही, तुमचा चेहरा असा झाला म्हणून म्हटलं. अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, मी काय कुणाचा गळा कापला? पुसलं म्हणजे काही खरोखर पुसलं जात नाही, तेवढं तरी समजून घ्या, आमच्याकडे रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत आपोआप निघते, सर्व्हरवर राहते, अकरा तारखेची अकराला जशी होती तशी, त्या एका शब्दासकट, एकोणीसची वेगळी, साहेबांचा बदलीचा अर्जही असेल त्यात — सुनावणीत तुम्ही लेखी मागितलीत तर पाच मिनिटांत काढून द्यावी लागेल, कुणाला नाही म्हणता येणार नाही, मलाही नाही — फक्त असं काही मागता येतं हे ठाऊक असायला हवं, आणि ते या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला —

...

पेन खाली ठेवा, काकू.

साडेपाच वाजले. खिडकी बंद.