ठमीचा ओढा

(दुपार. जेवणाच्या टेबलावर एका काल्पनिक देशाचा, हाताने रंगवलेला मोठा नकाशा. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या.)

मुलगी : हे वाक्य मी काढणार नाही, बाबा. पुन्हा वाचते, नीट ऐका. ‘या कादंबरीतल्या देशाचा नकाशा खरा वाटत असेल, तर त्याचं श्रेय माझ्या वडिलांना. तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, पण त्यांनी कधी एकही खोटी रेघ मारली नाही.’ यात न आवडण्यासारखं काय आहे?

बाबा : काढ ते.

आई : अहो, लेक कौतुक करतेय तर करून घ्या मुकाट्याने. माझं नाव कुठे आहे गं? कागद जुना दिसावा म्हणून पातेलंभर चहा ओतलात दोघांनी.

मुलगी : आहे ना. ‘डाग : आई.’

आई : वा! जन्म सार्थकी लागला.

बाबा : किती वाजता पाठवायचंय?

मुलगी : चारला माणूस येतोय प्रकाशकाकडून. नकाशा आणि हे माझ्या ऋणनिर्देशाचं पान, दोन्ही न्यायला. का, नकाशात काही चुकलंय? डोंगर सगळे एका उंचीचे नाही काढले. नद्या वरून खाली येताना एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. गावं पाण्याजवळ. आधी पातळ निळा हात, तो वाळल्यावर दुसरा. सगळं तुम्ही सांगितलंत तसं.

बाबा : नकाशा चांगला आहे.

मुलगी : चांगला? कादंबरीच्या लेखकाने फोन करून विचारलं, हा देश मलाच माहीत नव्हता, तुम्ही कधी जाऊन आलात? आणि त्याला सगळ्यात काय आवडलं सांगू? या कडेच्या तुटक रेघा. तुमच्या खात्याचा नियम. पायाने चालून पाहिलं असेल तर पूर्ण रेघ, नुसतं ऐकलं असेल तर तुटक. अख्खा देश खोटा, पण तुटक रेघा बघून माणसाला वाटतं, बाकीचा भाग कुणीतरी खरंच चालून आलंय.

बाबा : हो. तसं वाटतं.

मुलगी : मग चेहरा का पडलाय?

बाबा : हा इथला ओढा कशाला घातलास?

मुलगी : ठमीचा ओढा? बाबा! तो नसता घातला तर मी माझं नावच बदललं असतं. शाळेत सगळ्या मुलींना सांगून सांगून वात आणला होता मी. तुमच्या नावाचं काय आहे? काही नाही. माझ्या नावाचा ओढा आहे, सरकारी नकाशात, निळ्या शाईत!

आई : लग्नात जावयालासुद्धा तो नकाशा दाखवला होता हिने. तो बिचारा जेवायच्या घाईत.

बाबा : तो खोड. मी ब्लेड देतो.

मुलगी : का?

बाबा : तो ओढा नाहीये.

मुलगी : आटला?

बाबा : नव्हताच कधी. मी पाहिला नाही. मी काढला.

मुलगी : म्हणजे काय? चेष्टा करताय?

बाबा : पलीकडच्या उतारावर जायला दोन दिवस लागले असते. एक चढायला, एक उतरायला. माझ्या हाताखालची माणसं खाली गेली होती. मी तंबूत बसून काढला. उतार असा आहे म्हणजे पाणी इथून येणार, इथे खडक आहे म्हणजे इथे वळणार. एक छोटी उपशाखासुद्धा दिली. अगदी छान आला होता.

मुलगी : पाय मुरगळला होता का? ताप होता?

बाबा : नाही.

मुलगी : मग?

बाबा : कंटाळा आला होता. दीड महिना झाला होता घर सोडून. तुझी आठवण येत होती. तसं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो, पण खरं म्हणजे कंटाळाच. आणि नाव विचारायला गावात उतरायला हवं होतं, तेही जिवावर आलं. म्हणून तुझं टाकलं.

मुलगी : तुटक रेघ का नाही मारली?

बाबा : तुटक मारली की साहेब विचारायचे, का नाही गेलात.

मुलगी : सहावीत मी तलाव अंदाजाने काढला म्हणून तुम्ही वही फाडली होती माझी. रात्री रडत रडत पुन्हा काढला मी.

बाबा : तो ओढा त्याच्या आदल्या वर्षीचा. तुझ्यावर नव्हतो चिडलो मी, ठमे.

मुलगी : मला ठमी म्हणू नका आत्ता.

आई : अगं...

मुलगी : थांब आई. एक ओढा जास्त निघाला नकाशात. बरं. कुणाचं काय बिघडलं त्याने? काही बिघडलं का, बाबा?

बाबा : चार वर्षांनी पायथ्याच्या गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. कुठलं पाणी? तर त्या ओढ्याचं.

मुलगी : जाऊन बघितलं नाही कुणी?

बाबा : माझी सही होती खाली. माझी सही असली की पुन्हा बघायचे नाहीत. तो माझा लौकिक होता. टाकी बांधली, डोंगराच्या सोंडेपर्यंत पाइप नेले. वर पोचले तेव्हा कोरडे दगड. त्या वर्षी पाऊस कमी होता, म्हणून अहवालात आलं, ‘ओढा आटला.’

मुलगी : आणि तुम्ही?

बाबा : मी गप्प बसलो. अहवाल माझ्या टेबलावरून गेला. नुसतं ‘पाहिलं’ लिहून पुढे पाठवला.

मुलगी : बाबा.

बाबा : एकदा गेलो होतो तिथे. सुट्टी काढून. बायका जुन्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. त्या पाइपच्या बाजूबाजूने वाट होती. मी टाकीच्या सावलीत बसलो होतो. एक बाई थांबली. म्हणाली, दमलेले दिसता, आणि तिच्या कळशीतलं पाणी मला दिलं.

मुलगी : प्यायलात?

बाबा : नको म्हणायला जीभ उचलेना. प्यायलो. ती म्हणाली, ओढा होता हो, आमच्याच नशिबात टिकला नाही. तिच्या मागून एक म्हातारा आला. तो म्हणाला, लहानपणी पोहायचो मी त्यात.

मुलगी : कशात?

बाबा : ठमीच्या ओढ्यात. नाव घेऊन म्हणाला. गावच्या कचेरीत माझा नकाशा लावलेला होता ना. इतका खरा वाटत होता तो. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं मला, आणि तिथेही मी मान डोलावली.

आई : तरीच.

मुलगी : तुला माहीत होतं?

आई : छे गं. पण कुठल्याशा गावाला जाऊन आले होते, तेव्हापासून यांनी कधी कुणाकडे पाणी मागितलं नाही. आजारपणातसुद्धा स्वतः उठून घेतात. मला वाटलं, माणूस शहाणा झाला. चार बायकांना सांगितलंसुद्धा मी, आमचे हे किती कामाचे आहेत म्हणून.

बाबा : तुला सांगणार होतो.

आई : कधी? तिसेक वर्षं झाली. आपण दोघं याच टेबलावर जेवतोय.

बाबा : लाज वाटत होती. अजून वाटते. सकाळी हिने ते वाक्य वाचलं तेव्हा वाटलं, उठून कुठेतरी निघून जावं.

मुलगी : पाणी आलं शेवटी त्या गावाला?

बाबा : अकरा वर्षांनी. दुसऱ्या डोंगरावरून.

मुलगी : अकरा वर्षं. आणि मी इकडे मैत्रिणींना सांगत हिंडत होते, माझा ओढा, माझा ओढा. त्या बायका माझं नाव घेत पाणी वाहत होत्या. माझं नाव, बाबा! तुम्ही मला त्यात ओढलंत.

बाबा : हो.

मुलगी : नुसतं ‘हो’ म्हणू नका!

बाबा : काय म्हणू? माझ्याकडे दुसरं काही नाही गं. म्हणून म्हणतोय, वाक्य काढ आणि ओढा खोड. साडेतीन होत आलेत.

मुलगी : वाक्य काढते. हे बघा, मारली काट.

बाबा : आणि ओढा?

मुलगी : ओढा खोडायचा नाही.

बाबा : ठ... बाळा, मला तो बघवत नाही.

मुलगी : मग बघायला शिका. खोडला की काही झालंच नाही असं होतं. तेच करत आलात इतकी वर्षं. ब्लेड घ्या. मधे मधे खरवडा. तुटक करा.

बाबा : हा खोटा देश आहे. इथे कोण विचारणार?

मुलगी : मी विचारतेय.

आई : चष्मा घ्या. हा घ्या, माझ्याच हातात होता.

बाबा : निळा रंग कागदात मुरलाय. खरवडल्याची खूण राहील.

मुलगी : राहू दे.

बाबा : कुठून सुरू करू, कळत नाही.

मुलगी : मी करू?

बाबा : नको. रेघ माझी आहे.

आई : वाटी सरकतेय बघ. धर गं तो कोपरा, यांच्या हाताखालचा.

मुलगी : धरलाय. आणि उद्या त्या गावाला पत्र लिहायचं. तुम्ही. मी पाकिटावर पत्तासुद्धा घालणार नाही.

बाबा : तो म्हातारा तर केव्हाच गेला असेल.

मुलगी : त्याची नातवंडं असतील. तीही सांगत असतील कुणाला, आजोबा पोहायचे म्हणून.

बाबा : लिहीन. हे बघ, झालं. नावाचं काय करायचं? तुझं आहे, तू सांग.

मुलगी : नाव राहू दे. शेजारी बारीक अक्षरात लिहा, तेव्हा लिहायला हवं होतं ते.

बाबा : ‘प्रत्यक्ष पाहिलेला नाही.’

मुलगी : हं.

बाबा : आमच्या खात्यात याच्या खाली सही लागते.

मुलगी : मग करा. नीट वाचता येईल अशी.